सात मिनिटं

कुताइसीच्या जुन्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या ओठाशी
शिंपल्यासारखं एक लाकडी छत आहे. त्याखाली मी बसते,
मांडीवर वही, हातात निळी पेन्सिल.
एकोणतीस वर्षं झाली.
प्रेक्षकांना मी दिसत नाही.
मला नटांच्या टाचा दिसतात, मोज्यांची ठिगळं,
आणि कोण अडखळणार ते
जिभेच्या आधी घोट्याला कळतं, हे मला ठाऊक आहे.

नाटक वेढ्याचं. राणी किल्ला सोडत नाही,
भाऊ फितूर होतो, दाणागोटा संपत येतो.
आणि तिसऱ्या अंकात, सगळं ऐन भरात असताना,
एक नावाडी आणि एक मीठवाली येतात
आणि लंगड्या खेचराच्या मालकीवरून भांडतात.
सात मिनिटं.
किल्ल्याशी त्यांचा संबंध एवढाच
की भिंतीची सावली त्यांच्यावर पडते.

तिबिलिसीहून नवा दिग्दर्शक आला, बेसारिओन.
काड्यांचा चष्मा, काडीसारखाच आवाज.
म्हणाला, खेचर कापा.
नाटकाला कणा हवा, बाकी चरबी.
मी निळी रेघ मारली. नोकरी ती नोकरी.
शाल्वा काही बोलला नाही. बावीस वर्षं नावाडी होता तो.
टोपी खुंटीला लावली, काढली,
परत लावली.

पहिल्या तालमीला लामारा विंगेत गेली
आणि गेली तशीच परत आली.
केसांत पावडर नाही, छातीत श्वास मावत नाही,
बुटांना मघाचाच चिखल, ओला.
"चार महिने लोटले," राणी म्हणाली.
कुणालाच पटलं नाही. तिलाही.
उपाशी मरायला वेळ लागतो,
आणि तो वेळ राणीपाशी नव्हताच कधी.
तो खेचरापाशी होता.

पुढे आणखीच पंचाईत.
शेवटच्या अंकात राणी नदी उतरून जाते.
बेसारिओनने तालीम थांबवली: हा उतार आला कुठून?
कुणी बोलेना.
मग झाडूवाली त्सिआला मागून ओरडली,
"अहो, नावाडी सांगतो की! भांडता भांडता!
खेचर कुठून पार नेलं ते!"

मला मात्र दुसरंच आठवत होतं.
ज्या आठवड्यात सुखुमीहून ट्रक आला
आणि त्यात माझा तेमो होता, घोंगडीत गुंडाळलेला,
त्या आठवड्याचं लोक मला विचारतात.
काय सांगू? मला आठवतं ते
शेजारणीशी झालेलं भांडण,
अक्रोडाची फांदी कुणाच्या कुंपणात येते यावरून.
तिने मला भवानी म्हटलं, मी तिची सात पिढ्यांची अब्रू काढली.
मग ती चुलीवरून उतरवलेलं पातेलं तसंच घेऊन आली,
फडक्यात धरलेलं, आणि वाढू लागली.
त्या फांदीखाली मी तो आठवडा काढला.
फांदी नसती तर
कुठे उभी राहिले असते, सांगता येत नाही.

अखेर चार मिनिटं परत मिळाली.
चारच. बेसारिओन हट्टी माणूस, पण आंधळा नाही.
उरलेली तीन माझ्या वहीत आहेत, निळ्या रेघेखाली.
रेघ मी हलक्या हाताने मारली होती.

काल शाल्वा चौथ्या मिनिटाच्या टोकाला आला
आणि थांबला.
विसरला की मुद्दाम, घोट्यांनी काही सांगितलं नाही.
मझिया कमरेवर हात ठेवून वाट बघत होती,
प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं,
विंगेत लामाराच्या केसांवर अजून पावडर पडत होती.

मी पुढची ओळ दिली.
कापलेली.